भुशातल्या तिघी

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या गल्लीत सगळे उंदीरमामा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत. त्यांना ते ऐकू जात नसे, कारण करवतीच्या मशीनशेजारी आयुष्य काढून त्यांचे कान कधीच कामातून गेले होते. ऐकू आलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं. आमच्या घरात रागाचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते नीट सांभाळते.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी मिसरूड फुटलेले, हडकुळे आणि कायम कोपऱ्यात असत. घरात चार माणसं जमली की हे मागच्या दाराने बाहेर. अभ्यासात डोकं चालेना म्हणून सासऱ्यांनी एका सुताराच्या हाताखाली नेऊन बसवलं, आणि तिथे मात्र हा माणूस असा रमला की जेवायला बोलवायला माणूस धाडावा लागे. पुढे स्वतःचं दुकान झालं. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्यात कामाचं टेबल, मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. मागच्या अर्ध्यात पलंग, शेगडी, पाण्याची बादली. मध्ये भिंत नाही, नुसता पडदा. काम बहुतेक सामानाच्या पेट्यांचं आणि फडताळांचं, आणि लाकूड चिडाचं, ज्याला हल्ली सगळे पाइन म्हणतात. हलकं असतं, मऊ असतं, रंध्याखाली लोण्यासारखं सोलतं. त्या खोलीत पाऊल टाकलं की गोडसर, तिखट असा तो वास नाकात शिरायचा. मला आवडायचा तो वास. भाऊजींना दुसरा वास फारसा माहीतच नव्हता.

लग्न काही जमलं नाही. एक मुलगी म्हणाली, हे बोलत का नाहीत. दुसरीने खोली पाहिली आणि पडदा बाजूला करून विचारलं, राहायचं कुठे. त्यानंतर मी तो नाद सोडला. आमचे हे म्हणत, त्याचं लग्न रंध्याशी केव्हाच लागलंय, तू उगाच वरमाय होऊ नकोस.

उंदीर आले ते भाऊजींचे केस पांढरे झाल्यावर. प्राणी विकणाऱ्या एका दुकानात ते कपाट बसवायला गेले होते. तिथे काचेच्या टाकीत पांढऱ्या उंदरांची पिल्लं होती, आणि ती कशाला, तर शेजारच्या टाकीतल्या सापाला घालायला. भाऊजींनी कपाट बसवलं, हत्यारं पिशवीत भरली आणि त्याच पिशवीत तिघींना घालून घरी आणलं. दुकानदाराशी काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक. मुळात बोलले असतील याचंच मला नवल.

तिघी माद्या होत्या. नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी. मी म्हटलं, भाऊजी, एका वेतातल्या तिघी, त्यात थोरली कोण हे तुम्ही कसं ठरवलंत? म्हणाले, जी पिशवीतून आधी बाहेर आली ती. थोरली धीट होती, टेबलावर रंधा चालू असताना खुशाल पलीकडे जाऊन बसायची. मधली खादाड. वाटाणे दिसले की एकेक तोंडात धरून पळायची आणि पलंगाच्या गादीखाली लपवायची. धाकटी भित्री. ती शर्टाच्या बाहीतून आत शिरायची, गळ्यापाशी बाहेर यायची आणि भाऊजी टेकले की त्यांची बोटं चाटत बसायची, एकेक करून, आईने पोराचं तोंड पुसावं तशी. आणि भाऊजी बोलायचे. ज्या माणसाकडून 'जेवलात का' याला उत्तर काढायला मला दोनदा विचारावं लागे, तो दिवसभर त्या तिघींना सांगत असायचा की ह्या फळीला इथे गाठ आहे, ही फळी ओली आहे, ह्या गिऱ्हाइकाला मोजमाप कळत नाही.

मी चिडवायची. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली उंदरांचं औषध ठेवलेलं असे, बरीच वर्षं. एकदा भाऊजींच्या नजरेला ती पुडी पडली. मग कित्येक दिवस त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही.

तिघींसाठी त्यांनी पिंजरा केला होता, चौकट लाकडाची आणि जाळी तारेची, आणि आत भुसा. हा भुसा म्हणजे भाऊजींचा जीव. करवतीखालचा नव्हे, तो डोळ्यांत जातो म्हणून तो ते घालत नसत. रोज सकाळी उठून एक चांगली फळी घ्यायची, रंधा बारीक लावायचा आणि फक्त तिघींसाठी म्हणून तिचे कागदासारखे पातळ, कुरळे पापुद्रे काढायचे. ढीग झाला की त्यात हात घालून बघायचे, कुठे टोचतंय का. मग पिंजऱ्यात. तिघी त्यात बुडी मारायच्या आणि नुसत्या मिशा बाहेर ठेवायच्या. माझ्या लग्नातली गादीसुद्धा इतकी मऊ नव्हती.

मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. फरशी पुसायची, कुत्र्यांची तोंडं बांधायची, मांजरांना मानेला धरायचं. डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण आवाज खणखणीत. हुशार बाई आहे, हात हलका आहे, फक्त गोड बोलणं तिला जमत नाही. म्हातारा कुत्रा घेऊन कुणी आलं आणि विचारलं की हा सुधारेल ना, तर ती सरळ सांगते की नाही सुधारणार. माणसं तिच्या खोलीतून रडत तरी निघतात नाहीतर चिडून तरी. त्यांना बाकावर बसवून पाणी द्यायचं हे माझं काम, पगारात न धरलेलं.

तिघींना येऊन दोन वर्षं होत आली होती तेव्हा एक दिवस भाऊजी भर दवाखान्यात आले. शर्टाच्या आत काहीतरी धरलेलं, चेहरा पांढराफटक. रांगेतल्या कुत्र्यांकडे आणि त्यांच्या मालकांकडे न बघता सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाले, वहिनी, थोरलीच्या नाकातून रक्त येतंय. उंदीर बघितल्यावर बाकावर खसखस पिकली. एकजण म्हणाला, आम्ही यांना पिंजरा लावतो, तुम्ही दवाखान्यात आणता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा कुत्रासुद्धा खाली बसला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी थोरलीला ओंजळीत घेतलं, लहान स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, हे रक्त नाही, उंदीर आजारी पडला की नाकाडोळ्यांतून असं लाल पाणी येतं. पण छातीत खरखर आहे. आणि मग विचारलं, पिंजऱ्यात काय घालता?

भाऊजींचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. त्यांनी सांगितलं, ताजा भुसा, चिडाचा, माझ्या स्वतःच्या रंध्याचा, रोज.

"आजच्या आज काढून टाका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या लाकडाचा वास यांच्या छातीला बाधतो. कागद घाला, जुनं सुती कापड घाला. आणि हिला दोघींपासून वेगळी ठेवा, नाहीतर त्यांनाही होईल."

मी ते त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी मोठ्याने पुन्हा सांगितलं. भाऊजींनी थोरलीला उचलून कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, काही खरखर नाही. त्यांना कुठून ऐकू येणार! पण ते मानायला तयार नव्हते. म्हणाले, चिडाने कुणी आजारी पडत नाही. जन्म गेला माझा त्या वासात, मी पडलो का?

"तुम्ही उंदीर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दारातून डोकावणारा कुणीतरी हसला. डॉक्टरबाईंना विनोद करायचा नव्हता, त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. पण भाऊजींना ते शब्द लागले. मग वेगळं ठेवण्यावरून वाजलं. भाऊजींचं म्हणणं, या तिघी एकमेकींच्या अंगावर झोपतात, एकटी पडली तर ती खाणार नाही. डॉक्टरबाईंचं म्हणणं, मग तिन्ही घालवा. बाहेर रांग होती. सांगितलेलं करायचं नसेल तर आणलंत कशाला, असं म्हणून त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि पुढच्याला बोलावलं.

भाऊजींनी घरी जाऊन विचार केला. तो विचार मला नंतर कळला. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक आपण ऐकू. भुशाचं म्हणणं त्यांना निव्वळ अपमान वाटला होता. आपल्या हातच्या सर्वांत स्वच्छ वस्तूला कुणी विष म्हणावं तसा. थोरलीला एकटं ठेवायचं मात्र त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि जे जिवावर येतं तेच औषधाचं असणार, असं त्यांनी धरलं. कडू तेवढं गुणकारी, अशी समजूत असते ना माणसाची, तशातला प्रकार.

गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून त्यांनी थोरलीसाठी पेटी केली. मी पाहिली आहे ती पेटी, म्हणून सांगते, त्यांच्या हातून तितकी देखणी वस्तू दुसरी झाली नाही. एकही खिळा की चूक ठोकली नव्हती, तिला लागेल म्हणून. सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. आतून पॉलिश पेपरने इतकी घासलेली की बोट घसरावं. वरचं झाकण खाचेतून सरकणारं, त्याला बारीक भोकं, थंडी लागू नये म्हणून मोजकीच. लाकूड नवंकोरं, इतकं ताजं की कडेला डिंकाचे थेंब फुटलेले. आणि तळाला बोटभर जाडीचा सगळ्यात पातळ भुसा. त्यात थोरलीला ठेवलं, झाकण सरकवलं, आणि औषध मात्र सकाळ-संध्याकाळ न चुकता पाजलं. मी ती पेटी पाहिली तेव्हा थोरली तिच्यात मेलेली होती.

दुसऱ्या वेळी भाऊजी दवाखान्यात आले ते मधलीला घेऊन आणि काखेत ती पेटी घेऊन. पेटी कशाला, तर बाईंनी सांगितलेलं ऐकलं याचा पुरावा म्हणून. मधलीच्या मिशा लाल झाल्या होत्या आणि ती पोटाने श्वास ओढत होती. भाऊजींनी पेटी टेबलावर आदळली. म्हणाले, तुम्ही एकटीला ठेवायला सांगितलंत, ठेवली. न खाता गेली ती.

डॉक्टरबाईंनी झाकण सरकवलं. वास माझ्यापर्यंत आला, मी दाराशी होते. बाई झाकण हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"ह्याच्यात ठेवलंत तिला?"

मग जुंपली. बहिरा माणूस चिडला की त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. अख्खा दवाखाना ऐकत होता. भाऊजी म्हणत होते, तुम्ही तिला एकटं पाडलंत, दोघींच्या उबेत राहिली असती तर जगली असती, झाकणावर नखांचे ओरखडे आहेत ते बघा. डॉक्टरबाई म्हणत होत्या, तिला श्वास घेता येत नव्हता म्हणून ती खात नव्हती आणि म्हणूनच ती बाहेर यायला बघत होती. दोघांनाही थोरलीच हवी होती आणि ती तर मेली होती. मी मध्ये मधलीला धरून उभी. तिचं एवढंसं अंग माझ्या मुठीत धपापत होतं आणि मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

शेवटी डॉक्टरबाईच आधी थांबल्या. म्हणाल्या, वेगळं ठेवायचं माझं चुकलं असेल. उंदीर माझ्याकडे फारसे येत नाहीत, मी काल पुस्तकात पुन्हा बघितलं. आता दोघींना एकत्रच ठेवा. भुशाचं मात्र माझं चुकलेलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ज्याच्यासाठी त्या म्हणाल्या तो तिसरीकडेच बघत होता. त्याला ते ऐकायचं नव्हतं.

तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतःच्या कानातला स्टेथोस्कोप काढला आणि काही न विचारता भाऊजींच्या कानांत बसवला. दुसरं टोक मधलीच्या छातीवर ठेवलं. भाऊजी आधी वैतागले, हात झटकायला निघाले, आणि मग एकदम खाली वाकले.

किती वेळ ऐकत होते कोण जाणे. मी त्यांचा चेहरा बघत होते. ओल्या लाकडात बोथट करवत चालवली की जो आवाज येतो तो मी एरवी ऐकलेला आहे, त्यांनी तर जन्मभर ऐकलेला. तसला आवाज त्यांना मधलीच्या छातीतून येत असणार, कारण डॉक्टरबाईंनी नळी उचलली तरी ते तसेच वाकून राहिले.

"हे हिच्या छातीत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"थोरलीच्या पण होतं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थोडंसं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "याहून जास्त."

त्या दिवशी भाऊजींनी पिंजऱ्यातला सगळा भुसा काढला, पिंजरा धुतला, माझ्याकडून जुन्या चादरी नेल्या. पण मधली हातची गेली होती. काही दिवसांनी ती बसल्या जागेवरून हलेना, नुसती तोंड वर करून हवा ओढायची. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता इंजेक्शन देऊन तिला सोडवावं. मला वाटलं, आता पुन्हा भांडण होणार, आणि खरं सांगते, मला ते भांडण हवं होतं. भाऊजी म्हणाले, द्या. तिला तळहातावर धरून बसले. हात जरासुद्धा हलू दिला नाही. संपल्यावर विचारलं, झालं का? त्यांच्या त्या शहाणपणाची मला भीती वाटली.

राहिली धाकटी. तीही शिंकायला लागली होती. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नुसता पिंजरा धुऊन भागणार नाही, ती सगळी खोलीच चिडाने भरलेली आहे. ते तर मलाही कळत होतं. पण दुकान तेच आणि घरही तेच. दुकान बंद करून हा माणूस जाणार कुठे आणि करणार काय? मी हे भाऊजींना कसं सांगावं या विचारात होते. त्याआधीच ते धाकटीला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. पिंजरा नवा होता, सगळा लोखंडाचा. त्यात लाकडाची एक काडी नव्हती.

आमचे हे म्हणाले, जन्मभर उंदीर बाहेर काढले, आता पाहुणचार करा. पण संध्याकाळी मी बघितलं तर ओट्याखालची पुडी नाहीशी झाली होती, आणि ती जागा पुसून घेतलेली होती. ते काम ह्यांचंच.

धाकटी आमच्याकडे सुधारली. शिंका थांबल्या, मिशा पांढऱ्या झाल्या, डॉक्टरबाईंनी छाती तपासून सांगितलं की आवाज साफ आहे. म्हणजे झालं काय, की बाई शंभर टक्के खऱ्या ठरल्या आणि याची ग्वाही आमच्या खिडकीपाशी टुणटुणीत बसली होती. ती जितकी बरी होत होती तितकं भाऊजींना कळत होतं की आधीच्या दोघी कशाने गेल्या. ते रोज दुकान बंद करून यायचे, आमच्या न्हाणीघरात अंघोळ करायचे, ह्यांचा धुतलेला शर्ट घालायचे आणि मगच पिंजरा उघडायचे. धाकटी बाहीतून आत, गळ्यातून बाहेर, मग बोटं. त्यांना बघून ती दात कुरकुरवायची. उंदीर खूश झाला की तसं करतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

एका संध्याकाळी त्यांची बोटं चाटता चाटता धाकटी शिंकली. एकदाच. मी म्हटलं, शिंका काय, मलाही येतात. भाऊजींनी हात नाकाशी नेला. उठून पुन्हा न्हाणीघरात गेले, साबण लावला, घासणी घेतली, घासत राहिले. बाहेर आले तेव्हा बोटांच्या पेरांची कातडी फाटली होती. हात माझ्यापुढे धरून म्हणाले, वहिनी, वास घ्या. मी घेतला. साबणाच्या खाली चिडाचं लाकूड होतं. जन्मभराचं होतं ते, ते काय घासणीने जाणार? मी म्हटलं, काही नाही हो, साबणाचा वास येतोय. पण मला खोटं बोलता येत नाही, निदान चेहऱ्याने तरी.

दुसऱ्या दिवशी ते आत आले नाहीत, दारात उभे राहूनच तिला पाहिलं. धाकटी जाळीला हात लावून उभी राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पायरीवरूनच परत गेले. मग येईनासे झाले.

धाकटीने खाणं टाकलं. आधी मला वाटलं, रुसली आहे. भात ठेवला, उकडलेलं अंडं ठेवलं, मधलीचे आवडते वाटाणे ठेवले. ती वास घ्यायची आणि मागे जाऊन कोपऱ्यात पाठ करून बसायची. अंगावरचे केस पिंजारले. मी माझं बोट पुढे केलं की चाटायची नाही, पण हलायचीही नाही. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, म्हणाल्या, छाती साफ आहे. हिच्याजवळ कोण असतं? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिला सोबत हवी. दुसरा उंदीर आणता येईल का, तर त्या दुकानात आता नुसते मासे होते, आणि उंदराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्यात या वयात ही नव्या उंदराला लगेच जवळ करेल याचीही खात्री नव्हती. मग म्हणाल्या, त्यांनाच आणा. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून रोज थोडा वेळ तिला हातात घेऊ देत. तेवढ्याने काही होत नाही.

मी दुकानात गेले. भाऊजी नाही म्हणाले. कारणबिरण काही नाही, नाही. मी डॉक्टरबाईंना सांगितलं तशा त्या दवाखाना बंद करून माझ्याबरोबर निघाल्या. इतक्या वर्षांत त्या कुणाच्या दारी गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

भाऊजी फळी रंधत होते. आम्हाला बघून थांबले, डॉक्टरबाईंना बसायला स्टूल पुसून दिलं. बाई बसल्या नाहीत. त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला जाऊन त्या म्हणाल्या, "तिची छाती साफ आहे. ती तुमच्यासाठी झुरतेय. एकटं ठेवू नये हे तुम्ही पहिल्या दिवशी मला सांगितलं होतंत. तुमचं खरं होतं."

"तुम्ही भुशाचं सांगितलंत ते मी ऐकलं नाही," भाऊजी म्हणाले. "आता ऐकतोय."

"मी आता वेगळं सांगतेय. या, तिला हातात घ्या. काही होणार नाही."

भाऊजींनी मान हलवली. म्हणाले, "आता तुम्हाला माझी दया येतेय, बाई."

डॉक्टरबाई लालबुंद झाल्या. जी बाई कधी कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलली नाही, तिला हा माणूस सांगत होता की तू गोड बोलतेस. भाऊजींनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. बाईंनी खरोखरच एक हात धरून नाकाशी नेला. म्हणाल्या, वास आहे, पण इतका थोडा वास तिला बाधणार नाही. भाऊजींनी त्यातलं 'वास आहे' एवढंच ऐकलं. हात मागे घेऊन म्हणाले, तेच म्हणतोय मी.

मग मी तोंड सोडलं. म्हटलं, भाऊजी, तेव्हा बाई नको म्हणत होत्या तर तुम्ही हट्टाने केलंत, आता बाई करा म्हणतायत तर तुम्ही हट्टाने नाही म्हणता, तो जीव काय तुमच्या हट्टाचा आहे? आणखीही बरंच बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे. ते खाली बघत होते. शेवटी म्हणाले, वहिनी, माझ्या हातून दोन गेल्या. तिसरी जाणार नाही. आणि त्यांनी रंधा उचलला.

धाकटी एका दुपारी माझ्या मांडीवर गेली. त्याच सकाळी मी तिला बाईंना पुन्हा दाखवून आणलं होतं. जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून मी तिला दवाखान्यात नेलं, का ते मलाही सांगता येणार नाही. तिला बघणारं मी सोडून तिथेच कुणीतरी होतं. डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर ठेवलं. जाता जाता मी भाऊजींच्या दुकानाबाहेरच्या पानवाल्याकडे निरोप ठेवला होता. संध्याकाळी ते आले. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले होते, आणि टेबलापासून लांब उभे राहिले.

"छाती?" त्यांनी विचारलं.

"साफ होती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. मी सकाळीच ऐकली होती."

भाऊजींनी श्वास सोडला. कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता. वय झालं होतं तिचं, ते म्हणाले, म्हाताऱ्या झाल्या होत्या तशा तिघी. मग म्हणाले, "म्हणजे मी लांब राहिलो ते बरं केलं."

माझ्या तोंडात जे होतं ते मी तसंच धरून ठेवलं. माझ्याकडून असं फार वेळा होत नाही. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या टेबलाला वळसा घालून त्यांच्या बऱ्या कानापाशी गेल्या, आणि पुन्हा विचारावं लागू नये इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "हो. बरोबर केलंत."

भाऊजींनी मान डोलावली. ते टेबलापाशी आले, चादर बाजूला केली आणि आता वास लागायची भीती नव्हती म्हणून धाकटीला उघड्या हातांनी उचलून घेतलं.